'ढ' : एका अक्षराची आणि काही मुलांची कहाणी

देवनागरी वर्णमालेत 'ढ' हे मोठे चिवट अक्षर आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपीपासून आपल्या बालबोध लिपीपर्यंतचा प्रवास दोन हजारांहून अधिक वर्षांचा आहे. या प्रवासात 'क' बदलला, 'म' बदलला, 'अ' तर ओळखू येऊ नये इतका बदलला. 'ढ' मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. वर्गात जो पुढे सरकत नाही त्याला 'ढ' म्हणण्याची रीत यावरूनच पडली, असे जुने शिक्षक सांगत असत. ही व्युत्पत्ती खरी असो वा कोणा विनोदी पंतोजीने रचलेली असो, शब्द मात्र महाराष्ट्रातील शाळाशाळांत पोहोचला. जेथे पुरेसे फळे नव्हते, खडू नव्हते, तेथेही तो होता.

मीही तो वापरला आहे. प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारणही तेच आहे.

१९९० नंतरची काही वर्षे मी मराठवाड्यात, चाकूरच्या परिसरातील एका खेड्यात, शिक्षक होतो. चाकूर हे लातूर-नांदेड रस्त्यावरचे गाव, लातूरपासून पस्तीसेक किलोमीटर अंतरावर. काळी जमीन, तुरीची आणि ज्वारीची शेते, उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण. माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव येथे देत नाही. आठवडी बाजारात वडिलांबरोबर तो भाजी विकायला बसे. सव्वापाच रुपये किलोप्रमाणे पावणेतीन किलोचे किती, हे तागडी खाली टेकण्यापूर्वी तो सांगत असे आणि सहसा चुकत नसे. कीर्तनात ऐकलेले अभंग त्याला अथपासून इतिपर्यंत पाठ होते. पण पुस्तक समोर धरले की 'घर'चे 'धर' होई, 'भाकर'ची 'माकर' होई, आणि जोडाक्षर आले की तो सरळ मान खाली घालून उभा राही. त्याच्या प्रगतिपुस्तकावरील 'हुशार आहे, पण अभ्यासात लक्ष नाही' हा शेरा माझ्या हस्ताक्षरातला आहे. वर्गात मी त्याला काय म्हणत असे, ते वर आलेच आहे.

त्या वेळी आमचा जिल्हा निराळ्याच कारणासाठी गाजत होता. दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्यांत लातूरची मुले झळकू लागली होती आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द राज्यभर झाला होता. जादा तास, प्रश्नपत्रिकांचा अखंड सराव, पुन्हा परीक्षा, पुन्हा सराव. त्या पद्धतीची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. कोरडवाहू शेती करणाऱ्यांची कितीतरी मुले तिच्या बळावर डॉक्टर आणि इंजिनियर झाली. परंतु सराव करूनही ज्याला अक्षर वश होत नाही, त्या मुलासाठी त्या पॅटर्नमध्ये काहीच नव्हते. त्याच्यासाठी शिक्षकांच्या खोलीत एकच शब्द होता.

आता आपण शंभराहून अधिक वर्षे मागे आणि बरेच दूर जाऊ. ७ नोव्हेंबर १८९६ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सीफर्ड गावचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. त्यात पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत आहे. पर्सी सुशिक्षित घरातला, चलाख, खेळात कोणाहून कमी नसलेला. सातव्या वर्षापासून शाळा आणि खासगी शिक्षक यांनी त्याला वाचायला शिकविण्याची शर्थ केली होती. तरीही एकेका अवयवाचे सोपे शब्द तेवढे तो कसेबसे वाची. स्वतःचे नाव लिहिताना तो अक्षरांची अदलाबदल करून 'प्रेसी' असे काही लिही, आणि त्यात चूक आहे हे कोणी दाखवून दिल्यावाचून त्याच्या लक्षात येत नसे. परंतु डॉक्टरांनी त्याला ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार घातला, तेव्हा त्याने तो झटपट आणि अचूक सोडविला. त्याच्या शिक्षकाचे मत डॉक्टरांनी नोंदविले आहे : सगळे शिक्षण तोंडी असते, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता.

हे टिपण मी प्रथम वाचले तेव्हा नोकरी सोडून मला बरीच वर्षे झाली होती. सीफर्डच्या त्या शिक्षकाचे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवले. बाजारातली ती तागडी माझ्या डोळ्यांसमोर आली.

आपल्या धर्मग्रामांतील धर्मशिक्षणाच्या वर्गांतही अशी मुले असतात, हे ज्यांनी रविवारी मुलांना शिकविले आहे त्यांना सांगायला नको. सगळ्या प्रार्थना तोंडपाठ, गायनात सर्वांच्या पुढे, बायबलमधील गोष्ट एकदा ऐकली की शब्दन्‌शब्द सांगणार. आणि मिस्सेत वाचन करण्याची पाळी आली की नेमका त्याच रविवारी घसा बसणार. आपल्या पूर्वजांत असे कितीजण असतील, याचा पत्ता लागणे अवघड आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोमंतकात छापले गेले, ते लोकांनी प्रामुख्याने ऐकले. एक वाची आणि गाव ऐके, अशा काळात न वाचणारा हा कोणाला खटकत नसे. प्रत्येकाने वाचलेच पाहिजे असा नियम जेव्हा झाला, तेव्हा हे मूल प्रथमच वेगळे दिसू लागले.

मॉर्गन यांच्या आधीच, १८८७ साली, रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रवैद्याने 'डिस्लेक्सिया' हा शब्द घडविला होता; मात्र तो मेंदूच्या विकाराने वाचनशक्ती गमावलेल्या प्रौढांविषयी होता. ग्लासगोचे नेत्रशल्यविशारद जेम्स हिन्शेलवुड यांनी १९१७ मध्ये 'जन्मजात शब्दांधत्व' या विषयावर ग्रंथ लिहिला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी या विषयात आधी लक्ष घातले हे स्वाभाविकच होते, कारण आईबाप मुलाला प्रथम त्यांच्याकडेच नेत. दोष डोळ्यांत नसून, ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालणाऱ्या मेंदूच्या कामात आहे, हे पुढे हळूहळू स्पष्ट होत गेले. अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन यांनी १९२५ पासून अशा मुलांचा अभ्यास केला आणि अॅना गिलिंगहॅम यांनी त्यांच्यासाठी शिकविण्याची पद्धत बसविली : अक्षर डोळ्यांनी पाहायचे, त्याचा ध्वनी कानांनी ऐकायचा, तोंडाने म्हणायचा आणि त्याच वेळी हाताने ते गिरवायचे. १९६३ साली शिकागो येथे पालकांच्या एका परिषदेत सॅम्युएल कर्क यांनी 'लर्निंग डिसॅबिलिटी' हा शब्द मांडला आणि तो रूढ झाला. मराठीत आपण त्याला 'अध्ययन अक्षमता' म्हणू लागलो. शाळकरी मुलांत हे प्रमाण शंभरात पाच ते पंधरा असावे असा अंदाज केला जातो. बुद्धी सामान्य वा त्याहूनही चांगली असते. अडते ते वाचन, लेखन वा गणित यांपैकी एखादे. अनेकदा हे एका पिढीतून दुसऱ्या पिढीत उतरते.

येथपर्यंतचा इतिहास सरळ आहे. परंतु तो जशाच्या तसा चाकूरला आणून ठेवता येत नाही. पर्सीला सात वर्षे उत्तम शिक्षण मिळाले होते. म्हणून तो 'शिकविला गेला नाही' असे कोणी म्हणू शकले नाही. आमच्या खेड्यातल्या मुलाविषयी ते कसे म्हणावे?

या प्रश्नाचे मूळ जुने आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणाची आणि सरकारदरबारची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. घरी मराठी, सरकारी कागद उर्दूत, कुलकर्ण्याच्या दप्तरात मोडी आणि पोथी बालबोधीत. एक लिपी उजवीकडून डावीकडे, दुसरी डावीकडून उजवीकडे, तिसरी हात न उचलता. मराठीतून शिकविण्यासाठी लोकांना हिप्परग्यासारख्या ठिकाणी राष्ट्रीय शाळा काढाव्या लागल्या. स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे मुख्याध्यापकाचे काम केले. त्या पिढीत जे निरक्षर राहिले, त्यांच्यात शब्दांधत्वाने राहिलेले किती आणि शाळाच नसल्यामुळे राहिलेले किती, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पुढे शाळा आल्या. परंतु ऊसतोडीच्या हंगामात आईबापांबरोबर अर्धे वर्ष परगावी जाणारी मुले, तांड्यावरून येणारी आणि घरी गोरमाटी बोलणारी मुले, एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणारे गुरुजी, ही परिस्थिती राहिलीच. पन्नासांतील पंधरा मुले वाचू शकत नसली, तर त्यांतली दोन-तीन वेगळ्या कारणाने वाचू शकत नाहीत हे कोणाच्या ध्यानात येणार? गर्दीत तीही मिसळून जातात.

आर्सचे संत योहान व्हियानी यांचे चरित्र या संदर्भात मला नेहमी आठवते. १७८६ साली लिओं शहराजवळ एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत शाळा नव्हती. बालपण मेंढरे राखण्यात गेले. वीस वर्षांचे झाल्यावर ते धर्मगुरू होण्यासाठी शिकू लागले आणि लॅटिनपुढे हरले. गुरुविद्यालयातून त्यांना परत पाठविण्यात आले. ते मंद होते, की उशिरा शिकू लागल्यामुळे मागे पडले होते, की आपण आज ज्याला अध्ययन अक्षमता म्हणतो तसे काही होते? दोनशे वर्षांनंतर निदान करणे हा पोरखेळ होईल. एवढे मात्र ठाऊक आहे की, एकुली येथील धर्मगुरू फादर बाले यांनी त्यांना सोडले नाही. त्यांनी त्यांना स्वतःच्या घरी ठेवून, लॅटिनऐवजी त्यांच्या फ्रेंच बोलीतून शिकविले आणि पुन्हा परीक्षेला उभे केले. १८१५ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १९२९ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना धर्मग्रामांतील सर्व धर्मगुरूंचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. व्हियानींचा सण आपण साजरा करतो. बालेगुरुजींचे नाव मात्र फारसे कोणाला आठवत नाही.

मुलाला दोष देण्याऐवजी शिकविण्याची रीत बदलून पाहावी, हा विचार ज्यांनी शास्त्राच्या पायावर उभा केला त्यांत डॉ. मारिया माँटेसरी अग्रगण्य होत. विसाव्या शतकाच्या आरंभी रोम येथे त्यांनी मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलांना लाकडी अक्षरे बोटांनी गिरवायला लावून वाचायला शिकविले, आणि त्यांतली काही सर्वसाधारण शाळेच्या परीक्षेत उतरली. लोकांनी त्यांचे कौतुक केले. त्यांना स्वतःला मात्र प्रश्न पडला, की निरोगी मुलांना आपल्या शाळा असे कसे शिकवितात की तीही याहून पुढे जात नाहीत! १९०७ मध्ये त्यांनी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालकांसाठी पहिले बालगृह उघडले. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे येथेच काही वर्षे राहिल्या. त्याआधीच गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी त्यांची पद्धत आपल्या मातीत रुजवायला घेतली होती. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम अनुताई वाघांच्या साथीने उभे केले, त्यात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच भरणारी शाळाही होती. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, चिंचोके आणि पाने आली. आज आपण 'अंगणवाडी' हा शब्द सहज वापरतो, त्यामागे त्यांचे अंगण आहे. मात्र ही वाट बालवाडीपाशी थांबली. पहिलीच्या दारात पुन्हा तोच फळा, तीच पाटी आणि तीच छडी होती.

दुसरीकडे मतिमंद मुलांसाठी मुंबईत १९४४ पासून जय वकील शाळा काम करीत होती आणि नंतर अशा शाळा इतर शहरांतही निघाल्या. ज्यांची बुद्धी चांगली पण वाचन अडलेले, अशी मुले या दोहोंच्या मधल्या फटीत राहिली. ती विशेष शाळेत बसत नव्हती आणि साध्या शाळेत टिकत नव्हती.

डिसेंबर १९९५ मध्ये संसदेने अपंग व्यक्तींसाठी समान संधीचा कायदा संमत केला. या कायद्याचे महत्त्व मोठे आहे. अपंगत्व ही दयेची नव्हे, तर हक्काची बाब आहे हे देशाने त्यात प्रथमच मान्य केले. त्या वेळी लोकसभेचे सभापती होते शिवराज पाटील चाकूरकर. चाकूर येथे १९३५ साली जन्मलेले आणि गावाचे नाव आपल्या नावात वागविणारे. आमच्या भागात त्यांच्या सभापतिपदाचा सर्वांनाच अभिमान होता. त्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार दिले होते : अंधत्व, अधू दृष्टी, कुष्ठरोगमुक्त व्यक्ती, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. अध्ययन अक्षमता त्यात नव्हती. यात कोणा एकाचा दोष नाही. देशातील तज्ज्ञांतही या विषयाची चर्चा तेव्हा नुकतीच कोठे सुरू झाली होती. तरी सभापतींच्याच गावच्या बाजारात तागडी धरून बसलेला तो मुलगा त्या यादीत कोठेच नव्हता, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तो तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा असेल. त्याने शाळा सोडली होती.

पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, महाराष्ट्र शासनाने या मुलांसाठी दहावीच्या परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय घेतला. असा निर्णय घेणाऱ्या पहिल्या राज्यांपैकी आपले राज्य एक होते. अर्धा तास जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, लिहिणे अवघड असल्यास लेखनिक, एखाद्या भाषेऐवजी कार्यानुभव, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित, असे त्याचे स्वरूप होते. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन ही संस्था सुरू झाली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांनी अध्ययन अक्षमतेच्या तपासणीसाठी स्वतंत्र विभाग चालविला आणि त्या विषयावर पुष्कळ शास्त्रीय लेखनही केले. मुंबईतील शेकडो मुले या सवलतींमुळे शिक्षणात टिकून राहिली.

चाकूरला मात्र यातले काय पोहोचले? सवलतीसाठी प्रमाणपत्र हवे, आणि ते देऊ शकणारी केंद्रे प्रामुख्याने मुंबईत. लातूर ते मुंबई अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास. लातूरहून कुर्डुवाडीकडे जाणारी गाडी तेव्हा अजून अरुंद रुळांवरून धावत होती. तपासणी एका दिवसात होत नाही. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांच्याकडे निरनिराळ्या दिवशी जावे लागते. शेतमजुराने किती दिवसांची मजुरी बुडवावी? आणि मुळात आपल्या मुलाला असे काही असू शकते, हे त्याला कोणी सांगावे? सांगायचे ते मी. मला तेव्हा हा शब्दच ठाऊक नव्हता.

समजा, एखादा बाप मुलाला घेऊन मुंबईला पोहोचलाच असता, तरी पुढे आणखी एक अडचण होती. बुद्धीच्या आणि वाचनाच्या प्रमाणित चाचण्या बहुतांशी इंग्रजीत होत्या. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी तशा चाचण्या दीर्घकाळ नव्हत्या. हा केवळ भाषांतराचा प्रश्न नाही, आणि येथे थोडे थांबून लिहावेसे वाटते.

इंग्रजीत एकाच अक्षराचे अनेक उच्चार होतात, त्यामुळे वाचन अडलेले मूल तेथे लवकर उघडे पडते. मराठी पुष्कळशी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते. म्हणून आपल्याकडचे असे मूल पुष्कळदा अडखळत का होईना, बरोबर वाचते. फक्त इतके हळू वाचते, की वाक्याच्या शेवटी पोहोचेतो सुरुवात विसरते. शिक्षकाला वाटते, येते आहे, पण आळशी आहे. दुसरे असे की, इंग्रजीत अक्षरे सव्वीस. आपल्याकडे व्यंजने, स्वरचिन्हे आणि जोडाक्षरे मिळून चिन्हांची संख्या शेकड्यांत जाते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. एकट्या 'र'ची रूपे पाहा : 'राम'मधला, 'प्रेम'मधला, 'सूर्य'मधला, 'राष्ट्र'मधला आणि 'वाऱ्या'मधला, पाच ठिकाणी पाच वेश! 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य' यांतील भेद एका गाठीचा वा एका रेघेचा. आपल्याच शेजारच्या कन्नड लिपीविषयी सोनाली नाग यांनी जे संशोधन केले, त्यात असे दिसले की अशा लिपीतील सगळी अक्षरे पक्की व्हायला सर्वसाधारण मुलांनाही प्राथमिक शाळेची बरीच वर्षे लागतात. मग कोणत्या वर्षी मुलाला 'मागे पडलेला' म्हणायचे?

त्यातच बोलीचा प्रश्न. आमच्याकडचे लेकरू 'पाणी'ला 'पानी' म्हणते आणि तसेच लिहिते. ते कानाने ऐकलेलेच लिहीत असते, म्हणजे त्याचा ध्वनी आणि अक्षर यांचा मेळ उत्तम आहे. पुस्तकी मराठीचा परीक्षक मात्र त्यावर लाल रेघ मारतो. मीही अशा रेघा मारल्या आहेत. बोलीची चूक कोणती आणि वाचनदोषाची चूक कोणती, हे ओळखण्यासाठी त्या मुलुखाची मराठी कानांत असावी लागते.

२००७ च्या डिसेंबरात 'तारे जमीन पर' हा चित्रपट आला आणि 'डिस्लेक्सिया' हा शब्द शहरांतून खेड्यांतही पोहोचला. पालकांचे डोळे उघडण्याचे मोठे काम त्याने केले, परंतु त्यातला मुलगा इंग्रजी शाळेतला. मराठी वाचनासाठीची खरी प्रगती त्यानंतर आठ वर्षांनी झाली. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने नंदिनी चटर्जी सिंह यांच्या नेतृत्वाखाली भारतीय भाषांतील चाचण्यांचा एक संच तयार केला. २०१५ साली तो हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबरच मराठीतही उपलब्ध झाला. २०१६ च्या डिसेंबरात संसदेने दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा केला. सातांचे एकवीस प्रकार झाले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. शाळांनी ती लवकरात लवकर हेरावी आणि शिकविण्याचे योग्य उपाय योजावेत, असे त्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. १९ एप्रिल २०१७ पासून तो अंमलात आला. १९९५ ची यादी आणि ही यादी यांच्यामध्ये एकवीस वर्षे गेली. तेवढ्या काळात पहिलीत आलेले मूल शिक्षण संपवून नोकरीला लागते, किंवा मधेच शाळा सोडून कामाला लागते.

प्रमाणपत्राने परीक्षा सोपी होते, वाचन येत नाही. शिकविणे हे वेगळेच काम आहे आणि ते मराठीतून, मराठीसाठीच करावे लागते. फलटण येथे मॅक्सीन बर्नसन यांनी केलेले काम मला या दृष्टीने मोलाचे वाटते. अमेरिकेत जन्मलेल्या, मराठीच्या बोलींचा अभ्यास करायला आलेल्या आणि पुढे भारताच्या नागरिक झालेल्या या बाईंनी शाळेबाहेर राहिलेल्या दलित वस्तीतल्या मुलांपासून सुरुवात केली. १९८६ मध्ये तेथे कमला निंबकर बालभवन ही शाळा निघाली. जिच्या नावाची ती शाळा, त्या कमलाताई निंबकरांनी १९५० साली मुंबईत व्यवसायोपचाराचे पहिले शिक्षण सुरू केले होते, हाही एक सुंदर योग. बर्नसनबाईंच्या पद्धतीत 'अ आ इ ई'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी वर्णमाला आधी घोकायची नसते. थोडी व्यंजने आणि एखाददुसरे स्वरचिन्ह एकदम घ्यायचे, त्यांतून लगेच मुलाच्या ओळखीचे शब्द बनवायचे आणि वाचायचे, मग पुढचा गट. ही पद्धत अध्ययन अक्षमतेसाठी म्हणून निघालेली नाही. परंतु त्या मुलांना जे हवे असते, म्हणजे थोडे-थोडे, क्रमाने, अर्थासह आणि पुनःपुन्हा, ते तिच्यात आहे. त्यात हाताचे गिरवणे मिळविले, एकमेकांसारखी दिसणारी अक्षरे एका आठवड्यात न शिकविण्याची खबरदारी घेतली, की खेड्यातला शिक्षकही बरेच काही करू शकतो. मी वर्णमालेच्या क्रमाने शिकवीत असे. 'घ' आणि 'ध' एकाच महिन्यात येत, आणि 'भ'च्या लगेच पुढे 'म' येई.

गेल्या पावसाळ्यात मला एक फोन आला. आवाज ओळखला नाही. नाव सांगितल्यावर ओळख पटली. तो आता भाजीचा घाऊक व्यापार करतो. हिशेब अजून डोक्यातच ठेवतो, वहीत बायको लिहिते. माझा क्रमांक त्याने कोणाकडून तरी मिळविला होता. माझ्यावर राग नव्हता. तो मला अजूनही 'सर'च म्हणत होता.

"लेकरू माझ्यावानीच हाय, सर," तो म्हणाला. "बोलायला पोपट, पुस्तक दिसलं की मुकं. दुसरीत हाय. त्याला कागद मिळतो म्हनं सरकारचा?"

मी त्याला नियम सांगितला. २०१८ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हे प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळते, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. त्याचा मुलगा साडेसात वर्षांचा होता.

"मग सा महिनं काय करावं?"

परातीत बारीक वाळू पसरून त्यात बोटाने अक्षर काढायला लाव, म्हणालो. काढताना मोठ्याने म्हणायला लाव, दिवसाकाठी पंधरा मिनिटे, जास्त नको. पलीकडे थोडा वेळ शांतता होती.

"आधी कोनतं काढाया लावू?"

"म," मी म्हणालो. "'भ' लगेच नको. महिन्यानंतर."